लांछन आणि प्रकाश

संस्कृतातून मराठीत आलेल्या ‘लांछन’ ह्या शब्दाचे नशीब मोठे विचित्र आहे. चंद्राला मृगलांछन म्हणतात ते कौतुकाने. विष्णूच्या वक्षावरील श्रीवत्स हेही लांछनच. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती पुष्कळशा एकसारख्या असतात. त्यांतील ऋषभदेव कोणता आणि महावीर कोणता हे ओळखावयाचे ते आसनावर कोरलेल्या बैलाच्या अथवा सिंहाच्या लांछनावरून. येथवर लांछन म्हणजे नुसती खूण. तिच्यात निंदेचा अंशही नाही. परंतु तोच शब्द माजघरात शिरला की त्याचा रंग पालटतो. ‘कुळाला लांछन’ म्हटले की ऐकणाऱ्याची मान खाली जाते. खूण आणि कलंक हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदावेत ह्यात भाषेचा अपराध नाही. खूण दिसली की तिच्यामागे दोष शोधावा, हा मनुष्याचा जुना स्वभाव आहे. अंगावर, विशेषतः चेहऱ्यावर, जन्मतःच डाग घेऊन आलेल्या माणसांचा इतिहास म्हणजे ह्या दोन अर्थांच्या झगड्याचा इतिहास होय. त्यांच्या डागांवर आज लेसर नावाच्या प्रकाशाने उपचार होतात. तो प्रकाश येथवर कसा आला आणि वाटेत काय शिकला, हे जाणून घेण्याजोगे आहे.

जुन्या भारतीय वैद्यांनी ह्या डागांची नोंद शांत चित्ताने केलेली दिसते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तीळ, मस, वांग यांच्या जोडीला ‘जतुमणि’ नावाची एक खूण सांगितली आहे. ती जन्मतःच असते, दुखत नाही, किंचित तांबूस व गुळगुळीत असते, असे तिचे वर्णन आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात जन्मजात, सपाट, काळ्या अथवा पांढऱ्या मंडलाला ‘लांछन’ हेच नाव दिले आहे. जतुमणि, मस आणि तीळ यांवर सुश्रुताने सांगितलेला उपाय असा, की ते कापून काढावे आणि ती जागा क्षाराने अथवा अग्नीने बेताबेताने, हळूहळू डागावी. उपाय कठोर खरा. पण त्यात हात आवरण्याची सूचना आहे. हे ‘हळूहळू’ पुढील दोन हजार वर्षांत वैद्यक वारंवार विसरले आणि वारंवार नव्याने शिकले.

लोकसमजुतीची वाट मात्र निराळी होती. डाग मुलाच्या अंगावर आणि आरोप आईवर, असा तिचा न्याय. युरोपातील भाषाच त्याची साक्ष देतात. जन्मखुणेला इटालियन भाषेत ‘व्होल्या’, फ्रेंचमध्ये ‘आंव्ही’ आणि स्पॅनिशमध्ये ‘आंतोखो’ म्हणतात. तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, इच्छा किंवा डोहाळा. जर्मन लोक तिला ‘मुटरमाल’ म्हणतात, म्हणजे आईची खूण. गर्भिणीला एखादे फळ खावेसे वाटले आणि ते मिळाले नाही, तर त्या फळाचा आकार मुलाच्या गालावर उमटतो. आग पाहून ती दचकली तर ज्वाळेसारखा डाग येतो. अशी ही समजूत. महाराष्ट्रात हेच काम ग्रहणाकडे आले. ग्रहण लागले असता गर्भार बाईने विळी-सुरी हाती धरू नये, काही चिरू नये, शिवू नये. नाही तर मूल व्यंग किंवा डाग घेऊन येते, असे घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका सांगत आल्या. मूल जन्मल्यावर त्याच्या अंगावर डाग दिसला, की मग त्या नऊ महिन्यांचा झाडा घेतला जाई. एवढ्या दिवसांत बाईने कधीच काही चिरले नाही, कशाला कधीच भ्याली नाही, असे कोठून होणार? तेव्हा आरोप सिद्ध व्हावयास वेळ लागत नसे.

सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात ह्याहून वाईट प्रकार घडले. चेटक्यांच्या खटल्यांत अंगावरील जन्मखूण ही सैतानाने केलेली निशाणी समजली जाई. त्या जागी सुई टोचावयाची. दुखले नाही अथवा रक्त आले नाही तर पुरावा मिळाला, असे मानीत. स्कॉटलंडमध्ये तर असे सुई टोचणारे लोक पैसे घेऊन गावोगाव हिंडत. खुणेचा कलंक झाला म्हणजे गोष्ट कोठवर जाते, ह्याचे हे टोक होते.

आईवरील आरोपाला पहिला मोठा धक्का लंडनमध्ये बसला. १७२६ साली सरे परगण्यातील गोडाल्मिंग गावच्या मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने आपल्या पोटी ससे जन्मल्याचा दावा केला. गर्भारपणी सशाचा ध्यास लागल्यामुळे असे झाले, हे तिचे स्पष्टीकरण होते. राजाच्या पदरी असलेल्या नॅथॅनिएल सेंट आंद्रे ह्या शस्त्रवैद्यालाही ते पटले. त्याच वर्षी तिने लबाडीची कबुली दिली आणि वैद्यवर्गाची पुष्कळ नाचक्की झाली. पुढच्याच वर्षी जेम्स ब्लाँडेल ह्या वैद्याने एक पुस्तिका लिहून, आईच्या कल्पनेने गर्भावर खूण उमटत नाही, असे ठामपणे मांडले. त्वचारोगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या डॅनियल टर्नरने त्याला विरोध केला आणि दोघांचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. ब्लाँडेलचा तर्क बरोबर होता. परंतु डाग आईमुळे येत नाही, तर मग कशामुळे येतो, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास २०१३ साल उजाडावे लागले.

उत्तर मिळण्यापूर्वी निदान डागांची जात तरी ओळखली पाहिजे होती. जन्मखूण हे एक नाव असले तरी त्याखाली अगदी भिन्न गोष्टी येतात. एक वर्ग रक्तवाहिन्यांचा. त्यातील ‘पोर्ट-वाइन’ डाग पोर्ट नावाच्या दारूसारखा लाल-जांभळा असतो. हजारी सुमारे तीन मुले तो घेऊन जन्मतात. कातडीतील केशवाहिन्या कायमच्या फुगलेल्या असल्यामुळे तो दिसतो. तो आपण होऊन जात नाही. मुलाबरोबर वाढतो आणि वयोमानाने अधिक गडद व जाड होतो. ‘स्ट्रॉबेरी’ खूण ह्याच वर्गातली, पण तिची चाल उलट. ती बहुधा जन्मानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उठून दिसते, काही महिने झपाट्याने वाढते आणि मग पुढील काही वर्षांत आपोआप विरत जाते. दुसरा वर्ग रंगद्रव्याचा. कातडीला सावळेपणा देणारे मेलॅनिन एखाद्या जागी अधिक असले, किंवा नेहमीपेक्षा खोलवर असले, की तपकिरी, काळा अथवा निळसर डाग होतो. आपल्याकडील अनेक तान्ह्या मुलांच्या कमरेवर व ढुंगणावर जो निळसर पट्टा दिसतो तो ह्यातलाच. तो बहुधा बालपणीच मावळतो आणि त्याला उपचाराची गरज नसते.

काही डाग मात्र वरून दिसतात तेवढेच नसतात, हे १८७९ साली उघड झाले. विल्यम ॲलन स्टर्ज ह्या लंडनच्या वैद्याने एका लहान मुलीची हकीकत वैद्यांच्या सभेपुढे मांडली. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पोर्ट-वाइन डाग होता आणि दुसऱ्या बाजूच्या हातापायांना झटके येत. मेंदूच्या आवरणावरही असाच डाग असला पाहिजे, असे अनुमान स्टर्जने केले. पुढे १९२२ साली पार्क्स वेबर याने अशाच एका रुग्णाच्या मेंदूतील बदल क्ष-किरणांच्या चित्रात दाखविले. दोघांच्या नावांनी हा विकार आज ओळखला जातो. कपाळावर अथवा पापणीवर असा डाग असेल तर डोळ्यातील दाब वाढून दृष्टी जाण्याचाही संभव असतो. म्हणून अशा बालकाची डोळ्यांची व मज्जासंस्थेची तपासणी आधी, आणि सौंदर्याचा विचार मागून, हा नियम तेव्हापासून पक्का होत गेला.

आता उपायांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बालमॅनो स्क्वायरने डागावर अगदी जवळजवळ बारीक रेघा कापून वाहिन्या तोडण्याची रीत चालविली. कोणी डागावर कातडीच्या रंगाचे गोंदण करून पाहिले. १९०७ साली शिकागोच्या विल्यम ॲलन प्युसीने कार्बन डायऑक्साइडचे बर्फ डागावर दाबून तो गोठविण्याचा उपाय प्रसिद्ध केला. लिडिया ओलियरी ह्या अमेरिकन स्त्रीच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असा डाग होता. तिने तो झाकणारा लेप तयार करून १९३२ साली त्याचे पेटंट मिळविले. ह्या सर्वांत कोणाला दुखापत न करणारा उपाय तिचाच होता.

सर्वांत मोठी आशा, आणि सर्वांत मोठी चूक, रेडियमची. मादाम क्यूरी आणि त्यांचे पती यांनी १८९८ साली रेडियमचा शोध लावला. त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आतच पॅरिसमधील विकहॅम आणि देग्रे हे त्वचावैद्य जन्मखुणांवर ते वापरू लागले. डाग फिके पडत. सुई नाही, सुरी नाही, रडारड नाही. पुढे कित्येक देशांत हजारो तान्ह्या मुलांच्या डागांवर रेडियम ठेवण्यात आले. स्वीडनमध्ये स्टॉकहोम व गॉथेनबर्ग येथील रुग्णालयांनी त्या मुलांच्या नोंदी जपून ठेविल्या होत्या. अनेक दशकांनी त्या नोंदी पुन्हा उघडून पाहिल्या तेव्हा, त्या तान्ह्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून अधिक निघाले. त्यातला विषाद असा, की ह्यांपैकी पुष्कळ मुलांचे डाग स्ट्रॉबेरी जातीचे, म्हणजे आपोआप विरणारे होते. १९३८ साली डब्ल्यू. ए. लिस्टर ह्या इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात नेमके हेच दाखविले होते. त्याने अशा मुलांवर काहीच उपचार न करता त्यांचे डाग नुसते मोजून ठेविले आणि ते वर्षागणिक मावळत जातात हे पाहिले. वाट पाहणे हाही एक उपचार आहे, हे त्याने सिद्ध केले; पण वाट पाहण्याला यंत्र लागत नाही, म्हणून त्याची कीर्तीही फारशी होत नाही. स्वीडनमध्ये रेडियमचा हा उपयोग त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षे चालू राहिला.

लेसरचा जन्म ह्या सर्वांपासून दूर, पदार्थविज्ञानात झाला. अणूला योग्य प्रकाशाचा धक्का दिला तर तो स्वतःकडील तसाच प्रकाश सोडून देतो, हे आइन्स्टाइनने १९१७ साली गणिताने मांडले होते. त्या तत्त्वावर प्रत्यक्ष यंत्र उभे राहावयास त्रेचाळीस वर्षे लागली. कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन याने १६ मे १९६० रोजी कृत्रिम माणकाच्या कांडीतून लाल प्रकाशाचा पहिला झोत काढला. दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो आणि त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा, एका दिशेचा आणि एका तालावर चालणारा असतो. पलटणीने पावले जुळवून चालावे तसा तो चालतो.

हा प्रकाश कातडीवर प्रथम पद्धतशीरपणे तपासून पाहिला तो अमेरिकेतील सिनसिनाटी शहरचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी. १९६१ साली त्यांनी लेसरची वैद्यकीय प्रयोगशाळा काढली आणि १९६३ साली पहिली निरीक्षणे प्रसिद्ध केली. माणकाच्या लेसरने कातडीचा काळा भाग अधिक होरपळतो आणि गोरा भाग पुष्कळसा वाचतो, असे त्यांना दिसले. उन्हात काळे वस्त्र तापते आणि पांढरे तेवढे तापत नाही, ही गोष्ट धोब्यालाही ठाऊक असते. परंतु हीच गोष्ट पुढे सर्व विद्येची गुरुकिल्ली ठरणार होती.

१९६४ साल ह्या इतिहासात महत्त्वाचे. त्या वर्षी दोन नवे लेसर निघाले. त्यांतील एकाशी महाराष्ट्राचा साक्षात संबंध आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. त्याचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु पाणी ते तत्काळ शोषून घेते, आणि मनुष्याचे शरीर बहुतांशी पाणीच असल्यामुळे ज्या जागी ते पडतात ती जागा वाफ होऊन जाते. शस्त्रवैद्यांना ही बिनपात्याची सुरी फार मानवली. कातडीवर उंच वाढलेल्या काही जन्मखुणा खरवडून काढण्यास ती आजही वापरतात. तथापि ती सुरीच. डाग कोणता आणि निरोगी कातडी कोणती, हा भेद तिला कळत नाही. तो धरणाऱ्या हाताला कळावा लागतो.

दुसरा लेसर विल्यम ब्रिजेस यांचा, आरगॉन वायूचा. त्याचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातील तांबडे द्रव्य चांगला शोषते. म्हणून १९७० नंतरच्या दशकात तो पोर्ट-वाइन डागांवर सर्रास वापरू लागले. मोठ्या माणसांच्या गडद डागांवर त्याने गुण येई. परंतु त्याची आच लांबत जाई. वाहिनी तापे, तिच्यातून उष्णता बाजूच्या कातडीत झिरपे, आणि डागाच्या जागी पांढरट, खडबडीत व्रण राही. लहान मुलांच्या कोवळ्या कातडीला हा धोका अधिक. त्यामुळे मूल मोठे होईपर्यंत थांबा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी देत. म्हणजे शाळेतील चिडवाचिडवीची, नावे ठेवण्याची वर्षे त्याने डागासह काढावीत, आणि उपाय मिळावा तो मन घडून गेल्यावर.

हा पेच सुटला तो अधिक बळकट प्रकाशामुळे नव्हे. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी तो आधी कागदावर सोडविला. त्यांचा निबंध ‘सायन्स’ ह्या पत्रात १९८३ साली आला. त्यातील विचार स्वयंपाकघरातल्या दाखल्याने सांगता येईल. चुलीवरून उतरविलेले मोठे पातेले निवावयास अर्धा तास लागतो; तेवढ्याच तापलेली वाटी लगेच निवते. शरीरातही तसेच. प्रत्येक लहान-मोठ्या वस्तूला निवण्यासाठी ठरावीक काळ लागतो. वाहिनी तापवावयाची पण शेजारची कातडी तापू द्यावयाची नाही, तर प्रकाशाचा घाव वाहिनी निवू लागण्याच्या आतच संपला पाहिजे. म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागतात. रंग असा निवडावा की तो लक्ष्यानेच अधिक शोषावा. प्रकाश तेवढाच वेळ पडावा जेवढा लक्ष्याच्या आकाराला साजतो. आणि शक्ती पुरेशी असावी, फाजील नसावी. सुश्रुताचे ‘हळूहळू’ येथे ‘नेमकेपणाने’ ह्या रूपाने परत आले. फरक एवढाच, की सावकाशपणाची जागा आता विलक्षण चपळाईने घेतली.

रक्तातील तांबडे द्रव्य ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश विशेष शोषते. हा रंग द्यावयास माणिक किंवा आरगॉन उपयोगाचे नव्हते. पण १९६६ साली निघालेल्या, रंगाच्या द्रावणावर चालणाऱ्या लेसरमध्ये हवा तो रंग निवडता येत होता. त्यातून प्रथम ५७७ आणि मग अधिक खोल जाण्यासाठी ५८५ नॅनोमीटरचे यंत्र सिद्ध झाले. त्याचा एक स्पंद सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही थोडा असे. १९८९ साली बॉस्टनच्या ऊन तियान टॅन आणि त्यांचे सहकारी यांनी ३ महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या ३५ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. सरासरी सहा-सात बैठकांत डाग गेले आणि व्रण जवळजवळ राहिले नाहीत. ज्या वयात आरगॉन लेसर वापरण्यास वैद्य कचरत, त्याच वयात हा उपाय करता आला. पुढे कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे स्टुअर्ट नेल्सन यांनी प्रकाशाच्या स्पंदाआधी काही सहस्रांश सेकंद थंड फवारा मारून कातडीचा वरचा थर वाचविण्याची युक्ती काढली. त्यामुळे वेदना कमी झाली आणि अधिक शक्ती वापरणे निर्धोक झाले.

रंगद्रव्याच्या डागांची कथाही ह्याच तत्त्वाने पुढे गेली. डोळ्याभोवती व गालावर येणारा निळसर-राखी डाग आशियातील लोकांत, भारतीयांतही, आढळतो. त्याचे सविस्तर वर्णन टोकियोचे प्राध्यापक मासाओ ओता यांनी १९३९ साली केले म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हेच ओता किनोशिता मोकुतारो ह्या नावाने जपानी साहित्यात कवी व नाटककार म्हणून प्रसिद्ध आहेत. ह्या डागात मेलॅनिन काळसर-तपकिरीच असते. पण ते खोलवर असल्यामुळे वरून निळे दिसते. मेलॅनिनचे कण वाहिनीहून फारच बारीक, म्हणजे ते निवतातही फार लवकर. त्यांच्यासाठी स्पंद सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा लागतो. १९९४ साली जपानमधील वातानाबे आणि ताकाहाशी यांनी अशा स्पंदांच्या माणिक लेसरने ११४ रुग्णांवर उपचार केल्याची हकीकत प्रसिद्ध केली. चार-पाच बैठका झालेल्या बहुतेकांचा डाग अगदी फिका पडला होता. जो डाग लेपाखाली लपविण्यापलीकडे इलाज नव्हता, तो ह्या उपायाने नाहीसा होऊ शकला.

येथे आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे शोध पुष्कळसे गोऱ्या कातडीवर पारखले गेले. सावळ्या कातडीत वरच्याच थरात मेलॅनिन भरपूर असते, आणि प्रकाश खाली पोहोचण्यापूर्वी तेच त्याचा वाटा घेते. परिणामी लक्ष्याऐवजी पहारेकरी भाजतो. फोड येतात, कधी पांढरे तर कधी काळे नवे डाग उठतात. म्हणून सावळ्या कातडीच्या रंगद्रव्याच्या डागांवर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा, मेलॅनिनने कमी शोषलेला आणि खोल जाणारा लेसर निवडतात. प्रथम लहानशा जागेवर परीक्षा करून काही आठवडे वाट पाहतात. आणि उन्हापासून जागा जपावयास सांगतात. यंत्र तेच असले तरी ते चालविणाऱ्याला हा भेद ठाऊक नसेल तर उपाय अपायात बदलतो. म्हणून हे काम त्वचारोगाचे शिक्षण घेतलेल्या वैद्याचेच आहे, शृंगारगृहाचे नव्हे.

प्रकाशाच्या मर्यादाही इतिहासाने दाखविल्या आहेत. पोर्ट-वाइन डाग बहुतेकांचा पुष्कळ फिका होतो. समूळ जातो तो थोड्यांचाच. ॲमस्टरडॅमच्या वैद्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासले. डाग मूळच्याहून फिके होते, पण उपचार संपला तेव्हाच्याहून काहीसे गडद झाले होते, असा अनुभव त्यांनी २००७ साली प्रामाणिकपणे लिहिला. दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग लेसरने जाऊन पुष्कळदा परत येतात. तसे सहा अथवा अधिक डाग अंगावर असतील तर त्यांमागे मज्जातंतूंचा आनुवंशिक विकार नाही ना, हे आधी पाहावे लागते. जन्मजात मोठ्या, केसाळ, काळ्या तिळावर लेसर चालविला तर वरचा रंग उतरतो, खोलवरच्या पेशी तशाच राहतात. आणि त्यांत क्वचित् उद्भवणाऱ्या कर्करोगाची भीतीही तशीच राहते.

स्ट्रॉबेरी खुणेच्या बाबतीत तर नवा उपाय प्रकाशातून आलाच नाही. फ्रान्समधील बोर्दो येथे क्रिस्टिन लेओते-लाब्रेझ ह्या बालत्वचातज्ज्ञ स्त्रीने पाहिले, की हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुने औषध दिलेल्या एका बालकाची मोठी खूण दुसऱ्याच दिवशी मऊ पडू लागली. २००८ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. डोळा, श्वासमार्ग किंवा ओठ यांच्याजवळ वाढून धोका करणाऱ्या खुणांवर आज वैद्याच्या देखरेखीखाली हे औषध प्रथम देतात. बाकीच्या लहान खुणांसाठी लिस्टरचा १९३८ सालचा उपाय अजून शाबूत आहे: थांबा आणि पाहा.

राहिला आईवरील आरोप. २०१३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी पोर्ट-वाइन डागाच्या कातडीतील पेशी आणि त्याच माणसाच्या निरोगी भागातील पेशी यांची जनुके ताडून पाहिली. ‘जीएनएक्यू’ नावाच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक निघाला; आणि तो डागातील काही पेशींपुरताच होता. म्हणजे तो आईकडून आलेला नव्हे, बापाकडूनही नव्हे. गर्भ वाढत असता एका पेशीच्या नकलेत एक अक्षर चुकले आणि तिच्या वंशजांनी ती चूक पुढे चालविली, एवढीच ही गोष्ट. स्टर्जने १८७९ साली ज्या विकाराचे अनुमान केले, त्याच्या मेंदूतील भागातही तोच फरक सापडला. कोणी काही चिरले म्हणून, कोणी दचकले म्हणून, कोणाचा डोहाळा राहिला म्हणून हे घडत नाही. ब्लाँडेलने १७२७ साली तर्काने सोडविलेली आई २८६ वर्षांनी पुराव्यानिशी निर्दोष ठरली.

घरात असे मूल जन्मले तर ह्या इतिहासातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, डागाची जात जाणत्या वैद्याकडून ओळखून घ्यावी. कारण एकाला घाई हितकर, तर दुसऱ्याला घाई घातक. पोर्ट-वाइन डागावर उपचार करावयाचा तर कातडी पातळ व डाग लहान असताना, म्हणजे तान्हेपणीच, आरंभ केलेला बरा असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. एका बैठकीत काम होत नाही. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो आणि आठ-पंधरा दिवस जागा काळीनिळी दिसते, हे आधीच ठाऊक असावे. मोठ्या डागासाठी मुलाला गुंगी द्यावी लागली तर तिचा विचार निराळा. तीन वर्षांखालील मुलांना दीर्घकाळ अथवा वारंवार भूल देण्याविषयी अमेरिकेच्या औषधखात्याने २०१६ साली सावधगिरीचा इशारा दिला आहे. तेव्हा लवकर करण्याचा लाभ आणि भुलेचा धोका यांचे माप वैद्यासमोर बसूनच घालावे लागते.

ह्या प्रश्नात आणखी एक नाजूक गाठ आहे. उपचाराला योग्य वय तेच, ज्या वयात मुलाला स्वतःचे मत नसते. डाग काढावा की ठेवावा हे त्याच्या वतीने आईबापांना ठरवावे लागते. आणि तो पुरता जाईलच असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ज्या घरात लेसरची वाट धरली जाईल, त्या घरातही मुलाला आपला चेहरा आरशात निर्भयपणे पाहता आला पाहिजे. डाग उरला तर तो खूण म्हणून उरावा. कातडीवरचे काम प्रकाशाचे आहे आणि ते त्याने पुष्कळसे साधले आहे. परंतु खुणेचा कलंक होतो तो पाहणाऱ्यांच्या नजरेत, आणि तेथवर कोणत्याही तरंगलांबीचा किरण पोहोचत नाही.